इसब : गैरसमजांचे आरोग्यशास्त्र आणि अर्थशास्त्र

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत क्षयरोग, हिवताप, मधुमेह, हृदयविकार या रोगांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. त्वचाविकारांचा उल्लेख क्वचितच होतो, कारण त्यांमुळे मृत्यू ओढवण्याचे प्रमाण अल्प असते. मात्र रोगाचा भार केवळ मृत्यूंच्या संख्येवरून ठरत नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात काढलेली वर्षे यांची एकत्रित मोजणी करणारी पद्धत प्रचलित केली. या पद्धतीवर आधारलेल्या २०१० च्या जागतिक रोगभार अभ्यासात, मृत्यू वगळता अन्य आरोग्यहानीच्या कारणांमध्ये त्वचाविकारांचा क्रमांक चौथा असल्याचे दिसून आले. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्यविषय मानणारा ठराव संमत केला.

या विकारांपैकी इसब हा सर्वपरिचित विकार आहे. त्याच्यावरील प्राथमिक उपचार साधे व तुलनेने स्वल्पखर्चाचे आहेत. तरीही असंख्य कुटुंबे त्यावर वर्षानुवर्षे पैसा खर्च करतात आणि अनेकदा रोगापेक्षा उपचारानेच अधिक हानी होते. यामागे समाजात रूढ असलेले गैरसमज आहेत. ते केवळ अज्ञानातून निर्माण झालेले नाहीत. बाजारपेठेच्या रचनेतून त्यांना बळ मिळते आणि त्यांची किंमत मुख्यतः दुर्बल घटकांना मोजावी लागते.

इसब म्हणजे काय?

इसब हा त्वचेचा दाह आहे. खाज, लाली, पुरळ, लस येणे आणि विकार जुना झाल्यावर त्वचा जाड व काळसर होणे ही त्याची लक्षणे होत. त्याचे दोन प्रमुख प्रकार लक्षात घेणे पुरेसे आहे. पहिला, प्रकृतिजन्य इसब. तो बहुधा बालपणी सुरू होतो. अशा रुग्णांच्या कुटुंबात दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा इसब यांचा इतिहास अनेकदा आढळतो. दुसरा, संपर्कजन्य इसब. एखाद्या पदार्थाच्या संपर्कामुळे त्वचेला थेट इजा होऊन किंवा त्या पदार्थाची ॲलर्जी निर्माण होऊन तो उद्भवतो.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर भिंतीप्रमाणे काम करतो. तो शरीरातील ओलावा आत राखतो आणि बाहेरील क्षोभक पदार्थांना अटकाव करतो. फिलाग्रिन हे प्रथिन या भिंतीच्या बांधणीसाठी आवश्यक असते. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि प्रकृतिजन्य इसब यांचा संबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केला. अर्थात सर्वच रुग्णांत हा दोष नसतो. आनुवंशिकता, रोगप्रतिकार यंत्रणा, हवामान व परिसर या सर्वांचा त्यात वाटा असतो.

गैरसमज पहिला : इसब संसर्गजन्य असतो

इसब स्पर्शाने, कपड्यांतून किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही. तो जंतूंमुळे होणारा रोग नाही. खाजवल्यामुळे झालेल्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो व त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. परंतु त्यामुळे इसब स्वतः सांसर्गिक ठरत नाही.

हा गैरसमज निर्माण होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. खरूज आणि गजकर्ण हे विकार खरोखरच सांसर्गिक आहेत आणि सामान्य माणसाला ते इसबासारखेच दिसतात. खरूज सूक्ष्म किटकामुळे होते; खाज रात्री वाढते आणि घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होतो. गजकर्ण बुरशीमुळे होते. इसबात मात्र घरात एकालाच त्रास असतो, किंवा आनुवंशिकतेमुळे भावंडांत तो वेगवेगळ्या काळी दिसतो. हा भेद न केल्याने शाळेत मुलाला वेगळे बसवणे, घरकामास येणाऱ्या स्त्रीचे काम जाणे, मुलीच्या विवाहात अडथळा येणे असे परिणाम घडतात. वैद्यकीय दृष्ट्या निरुपद्रवी असलेला विकार अशा रीतीने शिक्षण व रोजगाराच्या संधी हिरावून घेतो.

गैरसमज दुसरा : रक्त अशुद्ध झाल्याने इसब होतो, तो दाबला तर दमा होतो

रक्तातील दोष त्वचेवाटे बाहेर पडत आहे, म्हणून त्याला बाहेर येऊ द्यावे, अशी धारणा देशाच्या बहुतेक भागांत आढळते. यातूनच 'मलम लावून इसब दाबल्यास तो छातीत उतरतो व दमा होतो' ही समजूत दृढ झाली. प्रकृतिजन्य इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो, हे निरीक्षण खरे आहे. चूक आहे ती कार्यकारणभावाच्या मांडणीत. इसब व दमा या दोहोंच्या मुळाशी एकच ॲलर्जीप्रवण प्रकृती असते. म्हणून ते एकामागोमाग दिसतात. त्वचेवर उपचार केल्याने दमा उद्भवत नाही. दोन घटनांमधील सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे, या संख्याशास्त्रीय तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण ठरते.

गैरसमज तिसरा : पथ्य पाळले की इसब बरा होतो

वांगे, आंबट पदार्थ, अंडी, मासे, दूध, शेंगदाणे अशी वर्ज्य पदार्थांची यादी घराघरांत असते. लहान बालकांपैकी तीव्र इसब असलेल्या काहींना विशिष्ट अन्नाची ॲलर्जी असते, हे खरे आहे. तथापि बहुसंख्य रुग्णांत आहार हे इसबाचे मूळ कारण नसते. ॲलर्जीची खातरजमा न करता एकामागून एक पदार्थ बंद करणे हा उपचार नसून नवा अपाय होय.

भारताच्या संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. ज्या घरात मुलाच्या आहारात प्रथिनांचे स्रोत आधीच मोजके आहेत, तेथे दूध व अंडी बंद करण्याचा सल्ला कुपोषणाला आमंत्रण देणारा ठरतो. शिवाय अन्न टाळल्याने ॲलर्जी टळतेच असे नाही. ब्रिटनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० अर्भकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेंगदाण्याचे पदार्थ लवकर सुरू केलेल्या मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण ते टाळणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळच कमी आढळले. मात्र असा निर्णय वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

मुलांच्या गालांवर दिसणारे फिकट चट्टे हाही याच विषयाचा भाग आहे. ते बहुधा सौम्य इसबाचेच रूप असते. त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमतरता यांचे लक्षण समजून औषधे दिली जातात, किंवा कोड समजून कुटुंब भयभीत होते. त्वचा स्निग्ध ठेवल्यास हे चट्टे बहुधा कालांतराने नाहीसे होतात.

गैरसमज चौथा : स्टेरॉइड मलम म्हणजे जादू, स्टेरॉइड मलम म्हणजे विष

येथे दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच वेळी नांदतात. हायड्रोकॉर्टिसोन मलमाचा त्वचादाहावर उपयोग होतो हे १९५२ मध्ये सिद्ध झाले. तेव्हापासून योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, ठरावीक काळ वापरणे हा इसबावरील मान्य उपचार आहे. भीतीमुळे तो अर्धवट सोडल्यास रोग बळावतो. याउलट क्लोबेटासोलसारखे अतितीव्र मलम स्वतःच्या मनाने चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात आणि मलम थांबवताच दाह उसळतो. चेहरा उजळ करणारे मलम म्हणूनही अशा औषधांचा गैरवापर झाला आहे.

सर्वांत मोठी हानी निदान चुकल्यावर होते. गजकर्णावर स्टेरॉइड लावल्यास खाज व लाली तात्पुरती कमी होते, पण बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचे ओळखू येणारे वर्तुळाकार रूपही नाहीसे होते. भारतात गेल्या दशकात चिवट गजकर्णाचे प्रमाण वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले असून स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे त्याचे एक कारण मानले जाते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे २०२० मध्ये नामकरण झालेली बुरशी टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला अनेकदा दाद देत नाही आणि ती आता इतर देशांतही आढळते. एका व्यक्तीच्या चुकीच्या खरेदीचा भुर्दंड त्या व्यवहारात सहभागी नसलेल्यांनाही सोसावा लागतो. अर्थशास्त्रात यालाच 'ऋण बाह्यता' म्हणतात.

गैरसमज पाचवा : इसबात स्नान वर्ज्य, जंतुनाशक साबण व घासणे हितकारक

कोमट पाण्याने अल्पकाळ केलेले स्नान अपायकारक नसते. अपाय होतो तो कडक पाणी, तीव्र साबण, जंतुनाशक द्रव आणि घासणी यांमुळे. स्नानानंतर काही मिनिटांतच, त्वचा किंचित ओलसर असताना, पेट्रोलियम जेली किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ भरपूर प्रमाणात लावणे हा इसबाच्या उपचाराचा पाया आहे. उत्तर व पूर्व भारतात बालकांना मोहरीच्या तेलाने मालिश करण्याची प्रथा आहे. मोहरीच्या तेलाने त्वचेची संरक्षक क्षमता घटते, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती सुधारते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्राण्यांवरील एका प्रयोगात आढळले होते. नैसर्गिक ते सर्व निर्धोक, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

गैरसमज सहावा : हा लहान मुलांचा आणि नाजूक प्रकृतीच्या लोकांचा विकार आहे

भारतातील संपर्कजन्य इसबाचा संबंध थेट श्रमाशी आहे. ओल्या सिमेंटमध्ये काम करणारे गवंडी, चामडे कमावणारे कामगार, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, खानावळीत लसूण सोलणारे मदतनीस, केशरंग लावणारे कारागीर हे सर्व त्याचे संभाव्य रुग्ण आहेत. गाजरगवत अथवा काँग्रेस गवत हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे तण आयात धान्यासोबत आले असे मानले जाते. १९५६ मध्ये पुणे येथील त्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे शेतकरी व शेतमजुरांच्या चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर तीव्र इसब होतो. तणाचे सूक्ष्म कण हवेतून येत असल्याने प्रत्यक्ष स्पर्शाचीही आवश्यकता नसते. त्याच्या नियंत्रणासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकोतून एक भुंगा आणून सोडण्यात आला.

सिमेंटबाबतचा डेन्मार्कचा अनुभव अभ्यसनीय आहे. सिमेंटमधील विद्राव्य षट्संयुजी क्रोमियममुळे कामगारांना ॲलर्जी होते. डेन्मार्कने १९८३ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून हे प्रमाण दशलक्ष भागांत २ भागांपर्यंत मर्यादित केले. तेथील बांधकाम कामगारांमधील क्रोमियमची ॲलर्जी त्यानंतर घटली. युरोपीय संघाने २००५ पासून हीच मर्यादा लागू केली. एकदा जडलेली अशी ॲलर्जी बहुधा आयुष्यभर टिकते. त्यामुळे कुशल गवंड्याला व्यवसायच सोडावा लागू शकतो, म्हणजेच मानवी भांडवलाचा ऱ्हास होतो. त्या तुलनेत प्रतिबंधाचा खर्च नगण्य आहे.

गैरसमज का टिकून राहतात?

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवर केलेले विवेचन आणि जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेला माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त येथे उपयुक्त ठरतो. विक्रेत्याला वस्तूची जी माहिती असते, ती ग्राहकाला नसते. काही सेवांच्या बाबतीत तर उपभोगानंतरही त्यांची गुणवत्ता ग्राहकाला पारखता येत नाही. अशा वस्तूंना 'विश्वासाधारित वस्तू' म्हणतात. इसबावरील उपचार हा याच प्रकारात मोडतो.

त्यात इसबाच्या स्वभावाची भर पडते. हा विकार आपोआप कमी-अधिक होत राहतो. त्रास पराकोटीला पोहोचल्यावरच माणूस नवा उपाय शोधतो आणि त्यानंतर बहुधा उतार पडतोच. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. उताराचे श्रेय मात्र त्या वेळी केलेल्या उपायाला मिळते. मग तो अंगारा असो, पथ्य असो वा अनोळखी मलम असो. प्रत्येक गैरसमजामागे अशा रीतीने कोणाचा तरी प्रामाणिक 'अनुभव' उभा असतो. तीव्र स्टेरॉइडचा लाभ दोन-तीन दिवसांत दिसतो आणि हानी काही महिन्यांनी. त्यामुळे समाधानी ग्राहकच त्या मलमाचा प्रचारक बनतो. याउलट त्वचा नियमितपणे स्निग्ध ठेवा, या साध्या सल्ल्यात कोणाचाही मोठा नफा नसतो; म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

किंमत कोण मोजतो?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात रुग्णांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही प्रगती स्वागतार्ह असली तरी इसबाच्या रुग्णाला तिचा लाभ मर्यादितच मिळतो. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. इसबावर बहुतेक उपचार बाह्यरुग्ण स्वरूपात होतात. त्यामुळे बुडालेली मजुरी, प्रवास, मलमे आणि निष्फळ उपाय यांचा भार कुटुंबावरच पडतो. हा खर्च एकरकमी नसल्याने तो डोळ्यांत भरत नाही, पण वर्षानुवर्षे चालूच राहतो.

गैरसमजाची आणखी एक छुपी किंमत आहे. शेतमजुराचा किंवा गवंड्याचा इसब 'खाण्यातून झाला' असे ठरले की कारण कामाच्या जागेवरून ताटात येते. मग हातमोजे, धुण्याची सोय वा पर्यायी काम यांची मागणीच उद्भवत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायने व रंग यांच्या संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाचा अधिसूचनीय रोगांत समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली असून तीतही अधिसूचनीय रोगांची अनुसूची आहे. परंतु रोगाचे कारणच चुकीचे ओळखले गेले, तर त्याची नोंद होत नाही आणि नोंद नसेल तर कायदा निष्प्रभ ठरतो.

नियमन आणि धोरणात्मक दिशा

१९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची 'एच'मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची औषधे नमूद आहेत. तथापि बाह्य उपयोगाच्या औषधांना त्यात मिळालेल्या सवलतीमुळे स्टेरॉइड मलमे दीर्घकाळ मोकळेपणाने विकली गेली. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइड मलमे या अनुसूचीच्या कक्षेत आणली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली. त्यांत काही स्टेरॉइडयुक्त मलमांचाही समावेश होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचे अधिकार आहेत.

नियम मात्र पुरवठ्यावर अंकुश ठेवतात; मागणी बदलण्यासाठी माहिती लागते. त्या दृष्टीने चार गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, औषध दुकानांत चिठ्ठीच्या अटीची प्रत्यक्ष अंमलबजावणी. दुसरी, आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविकांना इसब, खरूज आणि गजकर्ण यांतील भेदाचे प्रशिक्षण. तिसरी, आयुष्मान आरोग्य मंदिरांत स्निग्ध मलमे व सौम्य स्टेरॉइड यांची उपलब्धता आणि ई-संजीवनीद्वारे तज्ज्ञांचा सल्ला. कारण त्वचेच्या विकारांत छायाचित्रावरूनही निदानास पुष्कळ मदत होते. चौथी, असंघटित क्षेत्रातील श्रमिकांसाठी संरक्षक साधने आणि व्यावसायिक त्वचारोगांची नोंद.

समारोप

इसब बहुधा पूर्णतः नाहीसा होत नाही, पण तो आटोक्यात ठेवता येतो. 'कायमचा बरा करू' या आश्वासनाला बळी न पडता 'नियमितपणे सांभाळू' ही भूमिका स्वीकारणे हेच यातील शहाणपण आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान महाग नाही, पण ते आपोआप पसरतही नाही. अचूक माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि केवळ नफ्याच्या प्रेरणेने तिचा पुरेसा पुरवठा होत नाही. ती पुरवणे ही शासन, शिक्षणसंस्था व प्रसारमाध्यमे यांची सामायिक जबाबदारी ठरते. आरोग्यावरील गुंतवणुकीत रुग्णालये व औषधे यांबरोबरच अचूक माहितीचीही गणना व्हायला हवी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची विषमता आणि विश्वासाधारित वस्तू या संकल्पना आरोग्यसेवेच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. औषधांचा अनिर्बंध वापर ही ऋण बाह्यता कशी ठरते, हे त्वचारोगांच्या उदाहरणाने विशद करा.
३. 'व्यावसायिक रोगांच्या बाबतीत प्रतिबंध हा उपचारापेक्षा स्वस्त असतो.' सिमेंट व गाजरगवत यांच्या संदर्भात चर्चा करा.